वाट कुणाच्या बापाची?

आपल्या पोरांच्यात एक समज घट्ट बसलाय. रानात फिरायला जाणं म्हणजे भरल्या पोटाचे चाळे. पाठीला सॅक, पायात महागाचे बूट, आणि रविवारी पहाटे दादर स्टेशनावर जमणारा तो खिदळणारा घोळका. ते जाणार, डोंगर बघणार, फोटो काढणार, संध्याकाळी लोकलमध्ये सीट अडवून निसर्गावर बोलणार. आपण म्हणतो, जाऊ द्या साल्यांना. आपल्याला आठवडाभर ओझी आहेत. आपला रविवार झोपायला, कपडे धुवायला, नाहीतर मीटिंगला.

दोस्तहो, हा समज मोडून काढायला मी हा लेख लिहायला बसलोय. माझं म्हणणं सरळ आहे. रिकाम्या हातांनी, कुणाची परवानगी न मागता, नुसतं बघत बघत रानातून, माळावरून चालणं हा शौक नाही. तो हक्क आहे. आपल्याकडून जे जे हिसकावलं गेलं त्यात हाही होता. पाण्याचा हक्क आपण ओळखला आणि त्यासाठी 1927 साली महाडला गेलो. देवळाचा ओळखला, जमिनीचा ओळखला. वाटेचा हक्क मात्र आपण अजून बामणाच्या पोरांसाठी सोडून दिलाय.

आता कुणी म्हणेल, आपली माणसं काय कमी चालली? कबूल. आपल्याइतकं या मुलखात कोण चाललं? महार वतन म्हणजे काय होतं? चालणंच होतं ते. सरकारी टपाल घेऊन चाल. साहेबाच्या घोड्यापुढे धाव. मयताची खबर गावोगाव पोचव. मेलेलं ढोर ओढत ने. पाटलाचं बोचकं डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत जा. गावाची शिव कुठल्या ओढ्यातून कुठल्या दगडापर्यंत जाते हे महाराला ठाऊक. शिवेचं भांडण पेटलं की साक्षीला त्यालाच उभा करायचे. सगळ्या मुलखाच्या वाटा ज्याला तोंडपाठ, त्याला एकाही वाटेवर मान वर करून चालायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्याची दुरुस्ती मांडली, ती या फुकटच्या चालण्याविरुद्धच होती. वतनं कायद्याने गेली ती 1958 च्या कायद्याने, म्हणजे तीस वर्षांनी. तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते.

1936 साली जात-पात तोडक मंडळाने त्यांना लाहोरला बोलावलं आणि भाषण वाचून भ्याले, सभाच रद्द केली. त्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईतलं पुणं मांडलंय. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा, चाललेली पावलं मागच्या मागे पुसत जायची. गळ्यात मडकं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. विचार करा. माणूस चालून गेला आणि त्याच्या पावलाची खूणसुद्धा मातीवर राहू द्यायची नाही! मग आपल्या नावाची वाट कुठून असणार? वाट होते ती पावलांनी. ज्याची पावलं पुसली त्याची वाट होत नाही.

केरळातल्या वायकोमचं प्रकरण तर निव्वळ रस्त्याचंच. 1924 साली तिथे सत्याग्रह झाला तो देवळात शिरायला नव्हता. देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यावरून चालायला मिळावं, एवढंच मागणं. कुत्रं जातंय, बैल जातोय, माणूस जायचा नाही. त्यासाठी लोक तुरुंगात गेले, पुराच्या पाण्यात उभे राहिले. दीडएक वर्षाने तडजोड झाली, तीही अर्धीमुर्धी. एक बाजू सवर्णांना राखूनच ठेवली.

तुम्ही म्हणाल, ही कामाची चाल झाली, रस्त्याची झाली. फिरण्याचं काय? तर तेही ऐका. 1934 साली बाबासाहेब आणि त्यांचे तीसेक सोबती वेरूळची लेणी बघायला निघाले. कामाला नाही, सभेला नाही. सहलीलाच म्हणा ना. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने धूळ बसलेली, म्हणून फाटकाजवळच्या टाक्यावर सगळ्यांनी हातपाय धुतले. लगेच बोंब उठली की धेडांनी टाकं बाटवलं. ओरडणारे मुसलमान होते, हे बाबासाहेबांनी लपवलेलं नाही. जात धर्माची भिंत ओलांडून पसरते, हेच त्यांना दाखवायचं होतं. शेवटी किल्ला बघायला मिळाला. पण कसा? सोबत एक हत्यारी शिपाई देऊन. आत कुठे पाण्याला हात लावतात का, यावर नजर ठेवायला! परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, आणि गडावर फिरताना मागे बंदूक. फिरणं म्हणजे भरल्या पोटाचे चाळे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आपल्या वस्तीत एकदा मोठ्याने वाचावा.

आता जरा लांबचं सांगतो, पण ते आपल्या गिरणगावाला जवळचं आहे. इंग्लंडात मँचेस्टर. कापडाच्या धंद्यात आपल्या परळ-लालबागच्या गिरण्या ज्या शहराशी झुंजल्या ते शहर. तिथला कामगारही धुरात, कोंदट खोलीत जगायचा. शहराच्या अंगाला लागून पीक डिस्ट्रिक्टचं उंच, उजाड पठार. झाड जवळजवळ नाही. गवत, खुरटी झुडपं, काळी ओली माती आणि बेफाम वारा. तिकडे त्याला मूर म्हणतात. कोकणातला सडा डोळ्यांपुढे आणा, तसंच काहीसं. हे सगळं जमीनदारांचं. का? तर वर्षातले थोडे दिवस तिथे तितरासारख्या पक्ष्यांची शिकार खेळायची. बाकी वर्ष ते रान मोकळं पडलेलं, पण कामगाराला पाऊल टाकायची बंदी.

24 एप्रिल 1932, रविवार. बेनी रॉथमन नावाचा 20 वर्षांचा बेकार मेकॅनिक आणि त्याच्यासोबत चारेकशे तरणी पोरं-पोरी. चालत निघाली आणि उघडपणे किंडर स्काउट नावाच्या पठारावर चढली. जमीनदाराचे राखणदार काठ्या घेऊन आडवे आले, धक्काबुक्की झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. गुन्हा काय? कागदावर दंगलीचा आणि मारहाणीचा! पण त्या कैदेने देशात गलका झाला. अशाच अनेक लढ्यांच्या रेट्याने 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. 1951 साली तेच पीक डिस्ट्रिक्ट तिथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. 2000 सालच्या कायद्याने उघड्या माळावर, डोंगरावर चालायचा हक्क लोकांना मिळाला. आणि 2002 साली, सत्तर वर्षांनी, ज्या ड्यूकच्या माळावर हे घडलं त्याच्या नातवाने आजोबाच्या वागण्याची जाहीर माफी मागितली.

त्या पोरांनी कुणाला विचारलं नव्हतं की आधी भाकरीचं बघू का चालण्याचं. ती बेकारीविरुद्धही लढत होती आणि माळासाठीही लढत होती. आणि एक फरक लक्षात ठेवा. त्यांच्यापुढे कुंपण एकच होतं, मालकीचं. आपल्यापुढे दोन आहेत.

आता आपल्या मुंबईत या. गिरगाव चौपाटीवरून वर मलबार हिलचा हिरवा उतार दिसतो. तिथल्या झाडीतून 30 मार्च 2025 ला महापालिकेने उंचावरची लाकडी पायवाट सुरू केली. लांबी 485 मीटर. वाट चांगली आहे, मी नाकारत नाही. म्हाताऱ्या माणसाचाही दम लागत नाही, झाडाच्या शेंड्याशी उभं राहून समुद्र बघता येतो. अशा वाटा शंभर व्हाव्यात. पण तिकीट पंचवीस रुपये. मोबाईलवर वेळ राखून ठेवायची. घरची पाच मोठी माणसं निघाली की सव्वाशे रुपये, वर गाडीभाडं. कुणी म्हणेल, सव्वाशेत काय येतं? ज्याच्या घरात रोजचा हिशोब रोज लागतो त्याला विचारा काय येतं. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. झाडाखालून चालायला तिकीट असतं हे आपण एकदा मान्य केलं की उद्या समुद्राकडे बघायलाही लागेल.

आणि तिकीट भरूनही फाटकं सगळ्यांना सारखी उघडत नाहीत. मी गोदीत माल चढवायचं-उतरवायचं काम करतो, कंत्राटी. मागच्या पावसाळ्यात पाळी सुटल्यावर आम्ही तिघं कामाच्याच कपड्यांत शहरातल्या एका बागेत शिरत होतो. वॉचमनने हात आडवा घातला. "काम कुठे चाललंय? कंत्राटदार कोण?" म्हटलं, काम नाही, फिरायला आलोय. तो हसला. खरंच हसला. त्याच्या डोक्यात बसेना की हे तीन काळे, तेलकट बाप्ये नुसते फिरायला आलेत. वॉचमन कोण होता? आपलाच. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा, बारा तास उभा. त्याला तरी कुणी सांगितलंय की या बागेत त्यालाही फिरता येतं?

हेच ते. हातात घमेलं असलं, डोक्यावर पाटी असली, पाठीवर गोणी असली की आपण कुठेही जाऊ शकतो. मलबार हिलच्या अठराव्या मजल्यावरही जाऊ शकतो. हात रिकामे असले की संशय. ओझं हाच आपला पास. म्हणून मी म्हणतो, आपल्या माणसाने रिकाम्या हातांनी चालणं ही साधी गोष्ट नाही. ती या व्यवस्थेच्या डोळ्यात सलणारी गोष्ट आहे.

गोदीचंच बघा. शिवडीपासून कुलाब्यापर्यंत मुंबईचा पूर्व किनारा. परळपासून शिवडीची खाडी चालत जाण्याच्या अंतरावर. पण मधे भिंती, तेलाच्या टाक्या, गेट, पास. ज्या पी. डिमेलोने गोदी कामगार उभा केला त्याचं नाव भिंतीबाहेरच्या रस्त्याला. भिंतीच्या आत समुद्र. शिवडीच्या चिखलात थंडीत हजारो रोहित पक्षी उतरतात, गुलाबी होऊन जातो सगळा चिखल. बघायला लांबून गाड्या करून लोक येतात. लालबागच्या किती पोरांनी बघितलेत? त्याच शिवडीतून 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला. जवळपास 22 किलोमीटर, थेट समुद्रावरून. त्यावर पायी माणसाला बंदी, मोटरसायकलला बंदी, रिक्षाला बंदी. आपल्या दारातून निघालेला रस्ता, आणि त्यावर आपण नाही.

इथे आपल्यातले काही जण एक खरा सवाल टाकतात, तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, रान वाचवा, झाडं वाचवा म्हणणारेच गरिबाच्या झोपडीवर बुलडोझर आणतात. बरोबर आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबाबत पर्यावरणवाल्यांच्या अर्जावर 1997 साली उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि पुढच्या वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. त्यात घरं बांधणारे गवंडी होते, मोलकरणी होत्या, आपले होते. त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारल्यांना आपण इथलेच आहोत याचे कागद दाखवत फिरावं लागलं. आणि त्याच रानाच्या कडेला टॉवर उभे राहतात, खिडकीतून जंगल दिसतं म्हणून जास्त भावाने विकले जातात. झोपडीने रान नासतं, टॉवरने नासत नाही, हा कुठला न्याय?

पण यावरून आपण काय धडा घ्यायचा? रानच नको म्हणायचं? मग ते त्यांच्याच घशात गेलं. 2019 च्या ऑक्टोबरात आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांवर झाडं पाडली, तेव्हा रस्त्यावर शहरातली पोरं होती आणि पाड्यांवरच्या आदिवासी बायाही होत्या. 29 जणांना पकडून नेलं. रानाचा लढा माणसाच्या बाजूनेही लढता येतो, हे तिथे दिसलं. आपण त्या लढ्यात नसलो तर रानाची भाषा टॉवरवालाच बोलत राहणार.

आणि रान गरिबाच्या वस्तीजवळ होत नाही, असंही नाही. धारावीच्या काठावर, मिठी नदीला लागून महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. 37 एकर. 1977 पर्यंत तिथे शहराचा कचरा पडायचा. शहराचा कचरा कुणाच्या हातांनी उचलला जातो हे मी सांगायला नको. त्या कचऱ्याच्या ढिगावर माती घालून झाडं लावली, 1994 साली ते लोकांसाठी उघडलं. आज आत सावलीतल्या सोप्या पायवाटा आहेत, शीव स्टेशनातून चालत जाता येतं. कचऱ्यावर रान उभं करता येतं, मग गिरण्यांच्या जमिनीवर का नाही झालं? गिरण्या बंद पडल्या, सहाशे एकरांच्या आसपास जमीन होती. वर मॉल आणि टॉवर आले. गिरणी कामगाराच्या नातवाला लालबागमध्ये चालायला फूटपाथसुद्धा धड उरला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ते बोरिवलीचं रान परकं समजू नका. त्याच्या पोटात कान्हेरी आहे. शंभराच्या वर लेणी, दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झालेली, पुढे हजारएक वर्षं नांदती. बुद्धाने भिक्खूंना चारिका करायला सांगितली. पावसाचे महिने एका जागी राहायचं, बाकी वर्ष पायी फिरायचं, माणसांत जायचं. आणि चंक्रमण, म्हणजे शांतपणे, सावधपणे येरझारा घालणं, ही तर साधनाच. आपल्या धम्मात चालणं हे हमाली नाही आणि टाइमपासही नाही. ते मन ताळ्यावर आणायचं साधन आहे.

कान्हेरीच्या खडकांवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. दान कुणी काय दिलं ते त्यात कोरलंय. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. कल्याणचे, सोपाऱ्याचे लोक आहेत, व्यापारी आहेत. आणि एक लेख लोहाराचा आहे. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने तिथे वाट दान दिली. सोनं नाही, मूर्ती नाही. वाट! घण मारून मिळवलेल्या पैशातून एका कामगाराने येणाऱ्याजाणाऱ्यासाठी डोंगरात पायवाट केली आणि ती दगडावर नोंदवली. त्यावर तिकीट लावल्याचं कुठे कोरलेलं नाही. कमरेला झाडू बांधणाऱ्यांनी आपली पावलं पुसली, पण हा लेख त्यांना पुसता आला नाही. वाट कुणाच्या बापाची असं कुणी विचारलं तर सांगा, त्या लोहाराची. म्हणजे आपली.

आज त्याच वाटेवर जायला उद्यानाच्या फाटकावर एक तिकीट आणि लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं दुसरं. शिलोंड्याच्या ओढ्याकडची सोपी पायवाट बघायची तर परवानगी आणि सोबत वाटाड्या. रानाला शिस्त लागते, बिबट्याचं रान आहे, हे मान्य. माझं भांडण शिस्तीशी नाही. माझं भांडण पैशाशी आणि नजरेशी आहे. म्हणून आपली मागणी नीट शब्दांत मांडू. महिन्यातला एक रविवार सगळ्यांना उद्यान आणि लेणी फुकट. वाटाड्याचं काम पाड्यांवरच्या वारल्यांना, पक्क्या पगारावर. शिवडीपासून पूर्व किनाऱ्याला लोकांसाठी सलग पायवाट, बिनतिकिटाची. आणि कुठल्याही बागेच्या फाटकावर कपडे बघून अडवणं बंद.

पण मागणी करून घरी बसायचं नाही. वापरला नाही तो हक्क गंजतो. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता बोरिवलीच्या मोठ्या फाटकावर जमू. तिथून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. बरीचशी डांबरी सडक, शेवटी पायऱ्या. पोरंबाळं येऊ शकतात, आयाबहिणी येऊ शकतात. बूट नसले तरी चालेल, चप्पल घट्ट असू द्या. वाटेत घोषणा नकोत, लाउडस्पीकर नको, प्लास्टिक टाकायचं नाही. घोषणा द्यायला आझाद मैदान आहे. अंधाराच्या आत सगळे बाहेर. वर गेल्यावर त्या लोहाराचा लेख शोधू, आणि ज्याला ब्राह्मीची चार अक्षरं येतात त्याने बाकीच्यांना शिकवायची.

डबा आणा, पाणी आणा. दुसरं ओझं आणू नका.

जय भीम.